घरी लेथ बनवून जॉबवर्क सुरू करता येईल का?



मागच्या व्हिडिओत माझ्या शेडच्या कोपऱ्यातली घरी बनवलेली छोटी लेथ दिसली, आणि तेव्हापासून जो तो तिच्याबद्दलच विचारतोय. व्हिडिओ होता खरं तर बिलबुकाचा! त्यातला एक मेसेज मात्र माझ्या डोक्यात राहिला. पोलादपूर तालुक्यातला मुलगा आहे, आयटीआय टर्नर. महाड एमआयडीसीत कंत्राटावर काम करतो, कंत्राट चार महिन्यांत संपतंय. जवळ दीड लाख रुपये आहेत, त्यातले निम्मे आईने बचत गटातून काढून दिलेत. तो लिहितो, "दादा, लेथ विकत घेण्याऐवजी घरीच बनवतो आणि कंपन्यांचं जॉबवर्क घेतो. चालेल ना?"

हो किंवा नाही असं एका शब्दात सांगून चालणार नाही, कारण यात दोन प्रश्न एकात एक गुंतलेत. घरी लेथ बनते का? बनते, मी बनवलीय. त्या लेथवर कंपनीचं काम करून घर चालतं का? इथे मी स्वतः तोंडावर पडलोय. म्हणून दोन्ही गोष्टी नीट सांगतो.

आधी हिशोब, मग वेल्डिंग

समजा तुम्हाला ५० मिलिमीटरचा एमएस बार २०० मिलिमीटर लांबीत ४० पर्यंत उतरवायचा आहे. म्हणजे एका बाजूने ५ मिलिमीटर माल काढायचा. एचएसएस टूल, स्पिंडल २०० आरपीएम. घरच्या हलक्या लेथवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त कट दिला की मशीन थरथरतं, जॉबवर लाटा उठतात. म्हणजे १० कट. फीड एका फेऱ्याला ०.१ मिलिमीटर धरा, म्हणजे मिनिटाला २० मिलिमीटर. एका कटाला १० मिनिटं, दहा कटांना १०० मिनिटं. त्यात हाताने फीड देणार असाल तर खांदा वेगळा मोजा.

हाच बार वसाहतीतल्या साध्या, जुन्या पण जड लेथवर लावा. अडीच मिलिमीटरचे दोन कट, फीड ०.२५. एका कटाला ४ मिनिटं. ८ मिनिटांत बार उतरला.

१०० मिनिटं आणि ८ मिनिटं. जॉबचा भाव दोघांना तोच मिळणार. कंपनीच्या परचेसवाल्याला तुमची लेथ कुठून आली याच्याशी काही घेणं नसतं, त्याला बुश पाहिजे. विजेचा खर्च इथे मुद्दाच नाही. एक एचपीची मोटर पूर्ण लोडवर तासाला साधारण एक युनिट खाते. खर्च तुमच्या तासांचा आहे, आणि नवीन माणूस नेमके तेच तास हिशोबात धरत नाही. मी बीबीए करून दुकानात बसलो तरी पहिल्या वर्षी धरले नव्हते, म्हणून बोलतोय.

दुसरी गोष्ट अचूकतेची. आपली वसाहत मुख्यतः केमिकलची. इथलं लेथचं काम म्हणजे पंपाचे शाफ्ट, शाफ्ट स्लीव्ह, ग्लँड, बुश, ॲजिटेटरचे तुकडे, त्यातलं बरंचसं एसएस ३१६ मध्ये. ड्रॉइंगवर ४० मिलिमीटर शाफ्टला एच-सिक्स लिहिलं असेल तर तुमच्याकडे फक्त १६ मायक्रॉनची जागा आहे. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. घरच्या लेथवर मेहनत करून ५० मायक्रॉनच्या आत माप धरता आलं तर मी म्हणेन छान जमलं. आणि एसएस हे गुळाच्या ढेपेसारखं चिवट. टूल जरा घासलं की पृष्ठभाग कडक होतो आणि पुढचा कट घेतच नाही. त्याला जड, न हलणारं मशीन लागतं.

मी केलेली चूक अशी. लेथ नवी नवी होती, हौस होती. एका कंपनीचे आठ बुश घेतले, ६० मिलिमीटर लांबीचे. एका टोकाला मोजले की माप बरोबर, दुसऱ्या टोकाला सहा शतांश मिलिमीटर जास्त. मी एकच टोक मोजत बसलो होतो! आठही परत आले. ३१६ चा बार माझ्या खिशातून गेला, वर त्या गेटवर पुन्हा काम मागायला जाताना दोन वर्षं लाज वाटली. चूक कंपनीची नव्हती, माझीच होती. लेथ किती तिरकी आहे हे तपासायच्या आधीच मी ऑर्डर घेतली होती.

किर्लोस्करांनी आधी काय बनवलं?

असं सांगितलं की कुणीतरी म्हणतंच, "मग किर्लोस्करांनी कसं केलं? त्यांनीही शून्यातूनच केलं ना?" केलं. पण क्रम बघा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते, यंत्रांशी हात तिथे बसला. बेळगावात १८८८ मध्ये भावाबरोबर सायकलचं दुकान. मग कडबा कापायचं यंत्र. १९०३ मध्ये लोखंडी नांगर. तोही लगेच खपला नाही, लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं. १९१० मध्ये औंध संस्थानात माळरानावर किर्लोस्करवाडी. आणि लेथ बनवून विकण्यासाठी हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर हा स्वतंत्र कारखाना उभा राहिला तो १९४१ मध्ये.

नांगरापासून त्या कारखान्यापर्यंत ३८ वर्षं. मधल्या काळात त्यांनी जे विकलं त्याला मायक्रॉन लागत नव्हते. कडबा कापला गेला पाहिजे, नांगर जमिनीत गेला पाहिजे. गिऱ्हाइकाला उपयोगी आणि आपल्या मशिनच्या आवाक्यातलं, असा माल त्यांनी आधी धरला. घरच्या लेथवाल्याने उचलायची गोष्ट हीच आहे.

तर मग घरची लेथ कशाला?

शिकायला. आणि सैल मापाच्या कामाला. सरकत्या गेटची चाकं, शटरचे रोलर, भात मळणी मशीनचे बुश, पुली, स्पेसर, ग्रासकटरची छोटी कामं. महाड-पोलादपूरच्या गावागावांत ही कामं आहेत आणि एवढ्यासाठी वसाहतीतला वर्कशॉपवाला मशीन थांबवत नाही, त्याला परवडत नाही. टेफ्लॉन आणि नायलॉनचे बुश हेही घरच्या लेथला झेपतं, कारण माल मऊ, कटला जोर लागत नाही. फक्त टेफ्लॉन गरम असताना फुगलेलं असतं, थंड झाल्यावर मोजा. आणि त्याची चिप हाताला लागलेली असताना बिडी-सिगरेट अजिबात नको. टेफ्लॉनचा कण जळून धूर छातीत गेला की ताप भरतो. ही भीती घालण्यासाठी सांगत नाही, खरंच होतं.

आता बनवायचं कसं, ते क्रमाने. अमेरिकेत डेव्हिड गिंगरी नावाच्या माणसाने १९८० च्या सुमारास पुस्तकांची एक मालिकाच काढली. कोळशाच्या भट्टीत भंगार ॲल्युमिनियम वितळवायचं, त्याचं ओतकाम करून लेथ बनवायची, मग त्या लेथवर पुढची मशिन्स. त्याची लेथ छोटीच, ७ इंच व्यासाचा आणि १२ इंच लांबीचा जॉब बसेल एवढी. पण त्यातली युक्ती लाखमोलाची आहे. एकदा बेड सरळ झाला की बाकीचे भाग लेथ स्वतःवरच नीट करून घेते. हेडस्टॉकचं भोक बेडवरच, बेडला समांतर बोअर करायचं. चकची बॅकप्लेट स्वतःच्याच स्पिंडलवर फेस करायची. म्हणून बेड चुकला की पुढचं सगळं चुकत जातं.

बेड

माझा पहिला बेड मी चॅनेल वेल्ड करून बनवला आणि तो केळ्यासारखा वाकला. वेल्ड थंड होताना ओढतो, कितीही क्लॅम्प लावा. माझ्यासोबत एक म्हातारे टर्नर मिस्त्री होते, ते लांबून बघूनच म्हणाले, "शेठ, याच्यावर पापड वाळवा."

तीन रस्ते आहेत. सगळ्यात चांगला, भंगारातला जुना बिडाचा बेड शोधा. बंद पडलेल्या वर्कशॉपची लाकडाची लेथ, मोडकं छोटं मशीन, काहीही. बीड थरथर पिऊन टाकतं, आणि जुनं बीड वर्षानुवर्षं पडून स्थिर झालेलं असतं. पूर्वी ओतकाम करून ते उघड्यावर ठेवायचे, ते याचसाठी. दुसरा रस्ता, चॅनेलचा सांगाडा, आत काँक्रीट, वर ग्राइंड केलेल्या पट्ट्या नटबोल्टने बसवायच्या आणि पट्टीखाली इपॉक्सी भरून समपातळी आणायची. काँक्रीटला हसू नका. पहिल्या महायुद्धात तोफगोळे वळवायला अमेरिकेत काँक्रीटच्या बेडची लेथ मशिन्स बनवली होती, कारण बिडाचे मोठे बेड वेळेत मिळत नव्हते. तिसरा, जुन्या सीएनसीच्या लिनिअर रेल. मिळाल्या तर काम सोपं, पण त्याही सपाट जागेवरच बसवाव्या लागतात, म्हणजे फिरून पहिल्या प्रश्नाशी आलो.

सपाट म्हणजे किती सपाट, हे बघायला सरफेस प्लेट लागते. नसेल तर ग्रॅनाइटचा किंवा जाड काचेचा तुकडा सुरुवातीला चालतो. त्यावर मार्किंग ब्ल्यूचा पातळ थर, पट्टी त्यावर हलकी फिरवायची, निळं लागलं तिथे उंचवटा, तेवढंच स्क्रेपरने खरवडायचं. पुन्हा निळं, पुन्हा खरवड. कंटाळवाणं आहे. मला एका पट्टीला तीन रविवार लागले. पण जगातली सपाटी अशीच जन्माला आली. व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने १८४० मध्ये मांडलेली पद्धत हीच, फक्त त्यात तीन प्लेट आळीपाळीने एकमेकींवर घासून तपासायच्या. दोनच घेतल्या तर एक खोलगट आणि एक फुगीर होऊनही जुळतात. तीन आल्या की फसवणूक उघडी पडते.

बेडला पाय तीनच द्या. चार पायांचं टेबल डुगडुगतं, बोल्ट आवळले की बेडच पिळतो. तीन पायांवर ती भानगड नाही.

भंगाराबद्दल एक गोष्ट मोठ्या अक्षरात वाचा. आपल्याकडे भंगार म्हणजे केमिकल कंपनीचं भंगार. शाफ्ट, गिअरबॉक्स, मोटर घ्या, धुऊन घ्या. पण ड्रम, पाइप, टाकी, कुठलंही बंद तोंडाचं भांडं गॅस कटरने कापू नका, वेल्ड करू नका, ग्राइंडरही लावू नका. आत काय होतं हे भंगारवाल्याला माहीत नसतं. रिकामा ड्रम भरलेल्यापेक्षा वाईट, कारण आत वाफ असते.

स्पिंडल

लेथ बनवायला लेथ लागते, हे ऐकून निराश होऊ नका. स्पिंडल ईएन-८ मध्ये चांगल्या टर्नरकडून पैसे देऊन करून घ्या, तिथे वाचवू नका. बेअरिंग टेपर रोलर, एकमेकांकडे तोंड करून दोन. मी ३०२०६ वापरली, ३० मिलिमीटरचं भोक, बाहेरून ६२. (बेअरिंग मीच विकतो, त्यामुळे हा सल्ला तपासून घ्या!) लॉकनट आवळून अर्धा तास रिकामं फिरवा. घर कोमट लागलं तर ठीक. हात ठेववत नसेल इतकं तापलं तर थोडं सैल करा. हात लावून गार आणि जॉबवर लाटा, तर थोडं आवळा.

चक विकतच घ्या, तीन जबड्यांचा, १०० किंवा १२५ चा. घरी चक बनवण्यात आयुष्य जाईल.

मोटर एक एचपी, १४४०. आपल्याला २०० च्या आसपास पाहिजे, म्हणजे सातपट कमी, एका पुलीत होत नाही, मधे एक शाफ्ट घाला. घरी सिंगल फेज असेल तर थ्री फेज मोटर आणि व्हीएफडी हा जोड छान चालतो, वेग बटणावर येतो. पण फक्त व्हीएफडीने वेग पाडू नका, वेगाबरोबर ताकदही पडते. पुलीही ठेवा. अर्थिंग आणि ईएलसीबी नसेल तर मशीन सुरूच करू नका.

आणि मोटर, स्विच, व्हीएफडी छातीच्या वर. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडात शिरलं ते आपण कुणी विसरलेलो नाही. चिखलाच्या पाण्यात बुडालेलं बेअरिंग धुऊन वापरता येत नाही, मोटर सुकवून कधीकधी येते, व्हीएफडी कधीच नाही. जून ते सप्टेंबर बेडला रोज रात्री तेल पुसा. आपल्या हवेत उघडी पट्टी एका रात्रीत तांबूस होते.

क्रॉस स्लाइडच्या स्क्रूला एम-१४ चा आटा घ्या. त्याची पिच २ मिलिमीटर, डायलवर १०० रेघा केल्या की एक रेघ म्हणजे दोन शतांश. व्यासात चार शतांश, हे विसरू नका. एम-१२ ची पिच पावणेदोन, तिथे रेघांचा हिशोब डोकं खातो.

लेथ तिरकी आहे का, ही एकच परीक्षा

मी ही केली असती तर ते आठ बुश वाचले असते. पंचवीस-तीस मिलिमीटरचा बार चकमध्ये धरा, १०० मिलिमीटर बाहेर, टेलस्टॉक लावायचा नाही. मधला भाग थोडा उतरवा म्हणजे दोन टोकांना दोन कडी उरतील. आता टूलची सेटिंग न हलवता दोन्ही कड्यांवरून एकच बारीक कट घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. दोन्ही सारखी तर स्पिंडल बेडला समांतर. लांबच्या कड्याला पाच शतांश जास्त आलं तर स्पिंडल त्या लांबीत अडीच शतांश तिरका आहे, कारण व्यासात चूक दुप्पट दिसते. हेडस्टॉकखाली किंवा बाजूला शिम घाला, पुन्हा कट, पुन्हा मोजा. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर असतो, सुरुवातीला तो चालतो. टेलस्टॉक यानंतर. आधी टेलस्टॉक जुळवत बसलात तर दोन चुका एकमेकींना झाकतील.

हातमोजे घालून लेथ चालवायची नाही, पूर्ण बाही नाही, चकची चावी चकमध्ये ठेवून हात सोडायचा नाही. आयटीआयवाल्यांना हे पाठ आहे. माझ्यासारख्या हौशींसाठी लिहितोय.

आता त्या पोलादपूरच्या मुलाला

भाऊ, तुझ्याकडे चार महिने आहेत. घरची लेथ रविवारी-रविवारी करून मला अकरा महिने लागले, तेही मिस्त्री सोबत असताना. दीड लाख त्यात घालू नकोस. कंपनीचं जॉबवर्क हेच डोक्यात असेल तर जुनी जड लेथ बघ. राजकोट किंवा बटाल्याकडची साडेचार फुटी, चालवलेली असली तरी हरकत नाही, पण तू टर्नर आहेस, स्वतः तपास. कॅरेज चकजवळ आणून गिब आवळ, मग टेलस्टॉककडे सरकव. अडकलं तर चकजवळचा बेड झिजलाय. तो झिजणारच, किती ते बघायचं. चकमध्ये लांब बार धरून डायल गेज लाव, बार हाताने वर उचल, काटा किती हलतो ते बघ. हाफ नट लावून कॅरेज मागे-पुढे ढकल. या तीन गोष्टींवर भाव पाड.

आणि मशीन घेण्याआधी एक स्वस्त रस्ता आहे, त्याचा विचार कुणी करत नाही. वसाहतीत बऱ्याच छोट्या वर्कशॉपच्या लेथ संध्याकाळी सहानंतर झाकून ठेवलेल्या असतात. मालकाशी बोल, तासाच्या भाड्याने घे. दोन महिने तसं करून बघ, किती ऑर्डर येतात, किती पैसे वेळेत येतात. कामं आली नाहीत तर दीड लाख जागेवर आहेत आणि आईचा हप्ता थांबत नाही. उद्यम नोंदणी आताच करून ठेव, ऑनलाइन आहे, मोफत आहे, पैसे मागणाऱ्या एजंटला दार दाखव. पुढे बँकेकडे कर्जाला गेलास तर मशीनचं कोटेशन मागतील. घरी बनवलेल्या लेथचं कोटेशन कोण देणार?

घरची लेथ तरीही कर. पण पगार किंवा जॉबवर्क चालू असताना, महिन्याला ठरलेली रक्कम, एकूण पंचवीस-तीस हजारांच्या वर नाही, आणि गेटची चाकं, मळणीचे बुश एवढंच तिच्यावर. माझी आजही तेवढंच करते. दोन कड्यांच्या परीक्षेत ती आता १०० मिलिमीटरला एक शतांशावर आलीय, तरी ३१६ चा बार मी तिला दाखवत नाही.

डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड माझ्या दुकानात आहे. वहीत नाव लिहून घेऊन जा, दोन दिवसांत परत आणा. गेल्या वेळी ज्यांनी नेलाय त्यांनीही आणा.